नव्या पिकअपचं बॉनेट पहिल्या सर्व्हिसिंगआधीही उघडा

‘नवी गाडी आहे, पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत बॉनेटला हात लावायचा नाही,’ हा सल्ला नवी पिकअप घेणाऱ्या प्रत्येकाला मिळतो. तो चुकीचा आहे. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा अजून घासून नीट बसायच्या असतात, त्या काळात थोडं ऑइल जळू शकतं. त्यात नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट भरून रोज खेप असेल, तर आठवड्याला एकदा तरी ऑइल बघाच.

गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून कोरड्या फडक्यानं पुसा, पूर्ण आत घाला, मग पुन्हा काढून वाचा. पुसल्याशिवाय दिसणारी खूण खोटी असते. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेपुढे भरलं तर क्रँक (इंजिनातला फिरता दांडा) ते घुसळतो, फेस होतो आणि वंगण नीट पोचत नाही. डिझेलचं ऑइल लवकर काळं पडतं, ती काजळी असते. तेवढ्यानं घाबरू नका.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, मात्र इंजिन थंड असतानाच पाहा. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. ब्रेक ऑइल अचानक उतरलं असेल, तर नुसतं भरून निघू नका, आधी गळती शोधा.