हत्तीच्या एंडगेममधला बचाव : पार्श्वभूमी

बुद्धिबळात दोन्ही बाजूंना हत्ती उरलेले एंडगेम (थोडीच मोहरी उरलेला डावाचा शेवटचा टप्पा) प्रत्यक्ष खेळात इतर कुठल्याही एंडगेमपेक्षा जास्त वेळा येतात. हत्ती कोपऱ्यात असतात, उशिरा खेळात उतरतात, आणि घोडे-उंट-वजीर मारामारीत संपले तरी पटावर राहतात. अशा वेळी एक प्यादे कमी असलेल्याचा डाव वाचेल की जाईल, हे बहुतेकदा चार-पाच ठरावीक स्थिती ठाऊक असण्यावर ठरते. या स्थिती शोधून काढायला जवळजवळ तीनशे वर्षे गेली. जिंकण्याची रीत आधी सापडली, बचावाच्या रीती एकेक करून मागाहून आल्या, आणि त्यातली प्रत्येक रीत आधीची जिथे अपुरी पडली तिथे जन्मली. म्हणूनच त्या ज्या क्रमाने सापडल्या त्याच क्रमाने शिकल्या तर डोक्यात पक्क्या बसतात.

हत्तीची चाल शतरंजच्या, म्हणजे बुद्धिबळाच्या जुन्या रूपाच्या, काळापासून तीच आहे. बदलला तो वजीर. पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो तिरका एकच घर चालत असे, त्यामुळे शेवटच्या रांगेत पोचलेल्या प्याद्यालाही बढतीत दुबळे मोहरेच मिळे. नव्या नियमांनी वजिराला आजची ताकद दिली आणि एका जादा प्याद्यावर अख्खा डाव फिरू लागला. राजा, हत्ती आणि प्यादे विरुद्ध राजा आणि हत्ती हा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हापासूनचा.

त्यातली पहिली मोठी नोंद जिंकणाऱ्याच्या बाजूची आहे. तिला लुसेना स्थिती म्हणतात, पण लुईस रामिरेझ दे लुसेना यांच्या १४९७ च्या सुमारास सालामांका इथे छापलेल्या पुस्तकात ती नाही. ती आढळते आलेस्सांद्रो साल्व्हियो यांच्या १६३४ च्या पुस्तकात, आणि साल्व्हियो तिचे श्रेय शिपिओने जेनोव्हिनो यांना देतात. बचाव करणाऱ्याने ही स्थिती आधी शिकावी, कारण नेमके काय होऊ द्यायचे नाही ते तिच्यातून कळते.

पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच आणि आडव्या रांगांना पांढऱ्याकडून १ ते ८ म्हणतात; डी८ म्हणजे डी पट्टीतले आठव्या रांगेतले घर. पांढरा राजा डी८, प्यादे डी७, हत्ती ई१. काळा राजा एफ७, हत्ती सी२. पांढरा राजा आपल्याच प्याद्यापुढे अडकला आहे. सी पट्टीवर काळा हत्ती आहे आणि ई८ वर काळ्या राजाचा पहारा. पांढरा हत्ती एफ१ वरून शह देतो. काळा राजा ई६ ला आला तर पांढरा राजा ई८ ला निघतो आणि प्यादे वजीर होते. काळा राजा जी७ ला गेला तर हत्ती एफ४! ही सगळ्या डावाची किल्ली. काळ्याने हत्ती सी१ वर खेळून वाट पाहिली की राजा ई७, मग काळ्या हत्तीचा शह ई१ वरून, राजा डी६, शह डी१, राजा ई६, शह ई१, राजा डी५, शह डी१, आणि हत्ती डी४ वर मध्ये येतो. शह संपले. चौथीच रांग का, तर राजा पाचव्या रांगेत उतरतो तेव्हा मध्ये घातलेल्या हत्तीला त्याचा आधार लागतो. १९२० च्या दशकात बुद्धिबळपटू निम्झोविच यांनी या युक्तीला दिलेले ‘पूल बांधणे’ हे नाव आजही चालते. काळ्याच्या दृष्टीने सार एवढेच की पांढरा राजा प्याद्यापुढे, प्यादे सातव्या रांगेत आणि आपला राजा बाजूला तोडलेला (पांढऱ्या हत्तीने पट्टी अडवल्याने प्याद्याकडे येऊ न शकणारा), ही तिन्ही एकत्र आली की डाव गेला. ए आणि एच पट्टीची प्यादी अपवाद. तिथे राजाला बाहेर पडायला एकच बाजू असते.

बचावाची पहिली खात्रीची रीत फ्रान्सवा-आंद्रे दानिकाँ फिलिडोर यांची. व्यवसायाने संगीतकार, ऑपेरांचे रचनाकार, आणि आपल्या काळातले सर्वांत बलवान खेळाडू. त्यांचे बुद्धिबळावरचे पुस्तक १७४९ मध्ये आले. हा बचाव १७७७ च्या वाढीव आवृत्तीत आहे. स्थिती अशी : पांढरा राजा एफ५, प्यादे ई५, हत्ती एच७, काळा राजा ई८, हत्ती ए६. काळा राजा प्याद्यासमोर, आणि काळा हत्ती पांढऱ्याकडून मोजलेल्या सहाव्या रांगेवर. तो तिथे असेपर्यंत पांढऱ्या राजाला ई६ किंवा एफ६ वर पाऊलच टाकता येत नाही. काळा हत्ती त्याच रांगेत इकडेतिकडे सरकत राहतो. पांढऱ्याने हत्तींची मारामारी मागितली तर आधी उरणारा प्याद्याचा एंडगेम मोजावा. इथे काळा राजा प्याद्यासमोर असल्याने तो बरोबरीचा असतो.

पुढे सरकायचे तर पांढऱ्यापुढे एकच उपाय उरतो, प्यादे ई६. आता राजा एफ६ ला येऊन आठव्या रांगेत मात करण्याची धमकी आहे, कारण प्याद्यानेच काळ्या हत्तीची वाट अडवली. पण याच क्षणी काळा हत्ती ए१ ला उतरतो. राजा एफ६, शह एफ१. राजा ई५, शह ई१. राजा डी६, शह डी१. ई६ हे राजाचे लपायचे घर प्याद्याने स्वतःच व्यापले, त्यामुळे मागून येणाऱ्या शहांपासून त्याला आसरा नाही.

शिकणाऱ्यांच्या चुका दोन होतात आणि दोन्ही वेळेच्या आहेत. पहिली, प्यादे ई५ वरच असताना घाईने हत्ती खाली नेणे. मग पांढरा राजा सहाव्या रांगेवर येतो आणि त्याला ई६ हे आडोशाचे घर मिळते. दुसरी, प्यादे ई६ ला आल्यावरही सवयीने हत्ती सहाव्या रांगेवरच ठेवणे. दुसरी चूक डाव घालवते. पहिलीनंतरही डाव वाचतो, मात्र ते कसे हे फिलिडोर यांच्यानंतर बऱ्याच काळाने स्पष्ट झाले.

ते दाखवले योसेफ क्लिंग आणि बर्नहार्ड हॉरविट्झ यांनी, १८५१ मध्ये. पांढरा राजा ई६, प्यादे ई५, हत्ती ए७. काळा राजा ई८, हत्ती प्याद्याच्या मागे ई१ वर. हत्ती ए८ वर मात आहे, म्हणून काळ्या राजाला सरकावेच लागते, आणि सगळा डाव तो कुठे सरकतो यावर आहे. उत्तर एफ८. ई पट्टीच्या प्याद्याला उजवीकडे तीन पट्ट्या आहेत, डावीकडे चार. राजाने आखूड बाजूला जायचे आणि लांब बाजू हत्तीसाठी मोकळी ठेवायची. ए८ वर शह, राजा जी७. पांढरा हत्ती ई८ वर जाऊन प्यादे राखतो आणि राजाला मोकळे करू पाहतो, तेव्हा काळा हत्ती ए१ ला जातो. राजा डी७, शह ए७. राजा डी६, शह ए६. हत्ती आणि प्यादे यांच्यात बी, सी, डी अशा तीन पट्ट्या आहेत, आणि तेवढे अंतर असले की राजा हत्तीवर चालून जाईपर्यंत प्याद्यावरचा ताबा सुटतो. पांढऱ्याने शह अडवायला हत्ती डी८ वर आणला तर काळा हत्ती परत ई१ वर, प्याद्याच्या मागे. राजा चुकून डी८ ला गेला तर हत्तीला आखूड बाजू उरते, अंतर पुरत नाही आणि डाव हरतो. राजाची ही एक चाल पाठ असणे अर्ध्या गुणाच्या किमतीचे आहे.

याच्या जोडीला शेवटच्या रांगेत हत्ती नुसता उभा ठेवण्याचा बचाव आहे. नवख्याला तो स्वाभाविक वाटतो, आणि म्हणूनच धोक्याचा आहे. बी आणि जी पट्टीच्या प्याद्यांविरुद्ध तो चालतो. पांढरा राजा जी६, प्यादे जी५, हत्ती ए७. काळा राजा जी८, हत्ती बी८. जी७ वर शह आला तर राजा एच८ लाच जायचे; एफ८ ला गेला तर पांढरा राजा एच७ ला येतो आणि डाव जातो. काळा हत्ती आठवी रांग सोडत नाही आणि पांढऱ्याला वाट सापडत नाही. सी ते एफ पट्टीच्या प्याद्यांपुढे मात्र हाच बचाव कोसळतो, कारण पांढरा हत्ती प्याद्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन मात करण्याची धमकी देऊ शकतो. जी प्याद्याच्या बाबतीत त्या बाजूला पट संपलेला असतो.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात प्रश्न मागे सरकला : प्यादे अजून अर्ध्या पटावरच आहे आणि काळा राजा त्याच्यासमोर पोचू शकत नाही, मग काय? इथे फ्रेंच विश्लेषक आंद्रे शेराँ आणि रशियाचे निकोलाय ग्रिगोरिएव्ह यांचे काम मोलाचे आहे. उत्तर मिळाले समोरून शह देण्याचे. पांढरा राजा सी४, प्यादे डी४, हत्ती ई१. काळा राजा एफ६, हत्ती डी८. राजा सी५, शह सी८. राजा बी६, हत्ती परत डी८ वर, प्याद्यावर. पांढऱ्याने हत्ती ई४ वर आणून प्यादे राखले तर काळा राजा एफ५ वरून त्यालाच हाकलतो. डी१ वरून राखले तर ई पट्टी उघडते आणि काळा राजा प्याद्यासमोर येतो. हत्ती आणि प्यादे यांच्यात तीन रांगा आहेत म्हणून हे जमते. प्यादे डी५ वर असते तर पांढरा राजा सी६ आणि बी७ वरून थेट हत्तीवर गेला असता. यासाठी एक ढोबळ हिशेब वापरतात : सी ते एफ पट्टीचे प्यादे असेल तर ते ज्या रांगेत आहे तो आकडा आणि काळा राजा जितक्या पट्ट्यांनी तोडला आहे तो आकडा यांची बेरीज करायची. पाचापेक्षा जास्त झाली तर पांढरा जिंकतो, पाच किंवा कमी असेल तर बरोबरी. वरच्या स्थितीत चार अधिक एक, म्हणजे पाच.

तोवर जर्मन बुद्धिबळपटू झिगबर्ट टाराश यांचा नियम सर्वमान्य झाला होता : हत्ती पुढे निघालेल्या प्याद्याच्या मागे हवा, प्यादे आपले असो वा प्रतिस्पर्ध्याचे. नियम चांगला आहे. पण त्याचा सर्वांत सुंदर अपवाद योसेफ वांचुरा या चेक रचनाकाराने शोधला. वांचुरा १८९८ मध्ये जन्मले आणि १९२१ मध्ये वारले. त्यांचे विश्लेषण १९२४ मध्ये, मृत्यूनंतर छापले गेले.

पांढरे प्यादे ए६, हत्ती त्याच्यापुढे ए८ वर, राजा पटाच्या मध्यावरून निघालेला. काळा राजा जी७. काळा हत्ती ए१ वर, प्याद्याच्या मागे ठेवावासा वाटतो, पण मग पांढरा राजा ए७ वर येऊन शहांपासून लपतो आणि आपला हत्ती सोडवून घेतो. वांचुरांचा हत्ती एफ६ वर असतो, आडव्या रेषेत प्याद्यावर नजर ठेवून. पांढरा हत्ती ए८ सोडू शकत नाही, कारण प्यादे जाईल. राजा प्याद्याजवळ येऊन ते राखू लागला की बाजूने शह : बी५ वर आला तर एफ५ वरून, बी६ वर आला तर एफ६ वरून, बी७ वर आला तर एफ७ वरून. राजा प्याद्यापासून दूर झाला की हत्ती लगेच एफ६ वर परत. प्यादे ए७ ला ढकलले तर हत्ती ए६ ला, आता मात्र मागे, कारण राजाचे लपायचे घर प्याद्यानेच भरले आहे. फिलिडोरच्या बचावातले तत्त्व इथे पुन्हा भेटते.

यात काळ्या राजाची जागा जराही ढिली चालत नाही. प्यादे ए७ वर असताना तो जी७ किंवा एच७ वरच हवा. एफ७ वर असेल तर पांढरा हत्ती एच८ ला जातो. काळ्याने ए७ वरचे प्यादे मारले की एच७ वर शह आणि सातव्या रांगेत हत्ती गमावला. जी६ वर असेल तर जी८ वर शह देऊन पांढरा पुढच्या चालीत वजीर करतो. वांचुरा बचाव ठाऊक असूनही डाव जातात ते बहुधा याच एका घरामुळे.

यंत्रांनी हा इतिहास तपासून पाहिला. १९७९ मध्ये मॉस्कोतील आर्लाझारोव्ह आणि फुटर यांनी हत्ती-प्यादे विरुद्ध हत्ती या एंडगेमचे संगणकावर संपूर्ण विश्लेषण प्रसिद्ध केले, आणि १९८० च्या दशकात केन थॉम्प्सन यांनी पाच मोहऱ्यांचे टेबलबेस (प्रत्येक स्थितीचा अचूक निकाल साठवलेले संगणकीय संच) तयार केले. वर दिलेल्या पायाभूत स्थितींचे निकाल त्यातही तेच राहिले. हाताने, कागदावर केलेल्या कामाबद्दल याहून मोठी दाद नाही.

दुसरा बदल घड्याळाचा. पूर्वी लांबलेला डाव तहकूब होई आणि खेळाडू रात्रभर विश्लेषण करून परत येत. १९९० च्या दशकात ही पद्धत मोठ्या स्पर्धांतून गेली. आता हे एंडगेम पाच-सहा तासांच्या खेळानंतर, प्रत्येक चालीला मिळणाऱ्या ३० सेकंदांवर खेळावे लागतात. मॉस्कोतील २००६ च्या ताल स्मृती स्पर्धेत किशोरवयीन मॅग्नस कार्लसन लेव्हॉन अरोनियनविरुद्ध हत्ती विरुद्ध हत्ती-प्यादे ही बरोबरीची स्थिती हरले.

त्यामुळे सराव करताना प्रत्येक स्थिती मांडून प्यादेवाली बाजू संगणकाला द्यावी, चालीमागे ३० सेकंद लावावेत आणि पन्नास चाली टिकून दाखवाव्यात. हा आकडा नियमातला आहे. प्यादे न हलता आणि काही मारले न जाता दोन्ही बाजूंच्या ५० चाली झाल्या की बरोबरी मागता येते. ७५ झाल्या तर डाव आपोआप बरोबरीत संपतो. मागणी आपल्या पाळीतच करायची. ५० चालींची मोजणी आपल्या पुढच्या चालीने पूर्ण होणार असेल तर चाल पटावर न खेळता आधी नोंदपत्रिकेत लिहायची आणि पंचांना सांगायचे. प्यादे एक घर सरकले की मोजणी पुन्हा शून्यापासून, म्हणून शेवटचे प्यादे कुठल्या चालीला हलले त्यावर नोंदपत्रिकेत लक्ष ठेवावे.