मोकळा घुमणारा ड्रम कसा लावतात?

ड्रमचा आवाज भारदस्त हवा असेल तर हेड, म्हणजे त्याच्या तोंडावर ताणलेला पडदा, सैल करावे, अशी समजूत नवख्या वादकांमध्ये फार पक्की असते. सैल हेडचा स्वर खाली उतरतो हे खरे आहे, परंतु त्याबरोबर त्याचे घुमणेही जाते आणि हाती उरतो तो नुसता थपका. 1970 च्या सुमाराच्या ब्रिटिश रॉक संगीतातील ऐसपैस आवाजासाठी आजही अनेकजण धडपडतात, आणि तो आवाज नेमका उलट्या वाटेने आलेला आहे. लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडचा ड्रमवादक जॉन बॉनम 26 इंच व्यासाचा बेस ड्रम (पायाच्या पेडलने वाजवायचा मोठा ड्रम) वापरत असे आणि त्याचे ड्रम आकाराच्या मानाने चांगलेच ताणून लावलेले असत. आवाजाचा भारदस्तपणा आकारातून येत होता आणि त्याचा ठणठणीतपणा ताणातून.

यामागचे गणित सोपे आहे. ताणलेल्या गोल पडद्याची वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते आणि व्यासाच्या व्यस्त प्रमाणात घटते; म्हणजे स्वर एक सप्तक वर न्यायचा असेल तर ताण चौपट करावा लागतो. आता 22 इंची आणि 26 इंची असे दोन बेस ड्रम एकाच जातीचे हेड चढवून एकाच स्वराला लावले, तर मोठ्या ड्रमच्या हेडवरील ताण सुमारे 40 टक्के अधिक ठेवावा लागेल. स्वर तोच राहतो, पण मोठा पडदा अधिक तंग असतो, काठी किंवा पेडलचा ठोकळा झटकन परतवतो आणि अधिक हवा हलवतो. सैल हेडची आणखी एक अडचण अशी की जोराचा आघात होताच ते क्षणभर ताणले जाते, त्यामुळे स्वर वर चढतो आणि लगेच घसरतो. ही घसरण कधी कधी हवीशी वाटते; मात्र एकच स्वर धरून राहणारा आवाज तिच्यामुळे मिळत नाही.

तबला लावणाऱ्याला येथे एक फरक जाणवेल. एकसारख्या पडद्याची उपस्वरके, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, मूळ स्वराच्या पूर्णांक पटींत नसतात. ती साधारणपणे 1.59, 2.14, 2.30 अशा पटींत येतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1920 मध्ये आणि पुढे 1934 मध्ये भारतीय तालवाद्यांचा अभ्यास करून दाखवले, की तबला आणि मृदंग यांच्या पुडीवरील शाईमुळे ही विस्कळीत स्वरके जवळजवळ पूर्णांक पटींत येऊन बसतात, आणि म्हणूनच ही वाद्ये षड्जाला लावता येतात. पाश्चात्त्य ड्रमवर शाई नसते. त्यामुळे तेथे लावणे म्हणजे विशिष्ट स्वर गाठण्यापेक्षा पडद्यावरचा ताण सर्व बाजूंनी सारखा करणे हेच मुख्य काम असते.

मोकळ्या आवाजाचा निम्मा भाग मला या समतोलात दिसतो. आघात मध्यापासून जरा बाजूला झाला की पडद्याचे दोन अर्धभाग आळीपाळीने वर-खाली होतात. ताण सगळीकडे समान असेल तर या कंपनाची वारंवारता कोणत्याही दिशेने एकच राहते. एखादी बाजू सैल असेल तर ती दोन जवळजवळच्या वारंवारतांत फुटते आणि आवाजात डोलणारी, ओंगळ लहर ऐकू येते. वादक तिला हेडचा दोष समजतो आणि चिकटपट्टी लावून दाबतो, वास्तविक इलाज हेड ताणणाऱ्या स्क्रूच्या चावीच्या पाव फेऱ्यात असतो. त्यासाठी तबल्याची समोरासमोरची घरे हातोडीने जुळवतात तसेच समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत जावे. मग हेडच्या मध्यावर बोट अलगद टेकवून, काठापासून सुमारे 2 ते 3 सेंटीमीटर आत प्रत्येक स्क्रूजवळ हलकेच ठोकावे. बोटामुळे मध्यभागी हलणारी कंपने थांबतात. नेमके हे दोन अर्धांचे कंपन तेवढे उरते, कारण त्याच्या दृष्टीने मध्यबिंदू स्थिरच असतो. कोणता स्क्रू वर आहे आणि कोणता खाली, हे मग कानाला स्पष्ट कळते.

दुसरा निम्मा भाग खालच्या हेडचा. खोडात, म्हणजे ड्रमच्या पोकळ अंगात, कोंडलेली हवा दोन्ही हेडना एकमेकांशी बांधून ठेवते. कधी दोन्ही हेड एकाच दिशेने सरकतात; कधी ती विरुद्ध दिशांना जातात आणि मधली हवा स्प्रिंगसारखी दाबली जाते. या दुसऱ्या हालचालीत ड्रम दोन्हीकडे एकदम हवा लोटतो, म्हणून आवाज दणदणीत येतो, पण ऊर्जाही लवकर संपते; पहिल्या हालचालीचा नाद मागे रेंगाळत राहतो. दोन्ही हेड साधारण एकाच स्वराला असतील तर घुमणे सर्वांत दीर्घ होते. खालचे हेड वरच्यापेक्षा थोडे अधिक ताणले तर नाद किंचित आखूड होतो, पण त्याला स्पष्टता येते, म्हणून मी सुरुवात तेथून करण्याचा सल्ला देईन. टॉमचे (संचातल्या काठीने वाजवायच्या, तारा नसलेल्या ड्रमचे) खालचे हेड काढून टाकणे, बेस ड्रममध्ये उशी कोंबणे किंवा त्याच्या पुढच्या हेडला मोठे भोक पाडणे, हे पुढच्या काळात रूढ झालेले उपाय ही देवाणघेवाण तोडतात.

जुन्या ड्रमची खोडेही वेगळी होती. 1960 च्या दशकातील लडविग कंपनीच्या ड्रमचे खोड लाकडाच्या तीन थरांचे, काठांना आतून कडी दिलेले असे, आणि त्याची कड पुष्कळदा गोलसर असे. गोल कडेवर हेड अधिक रुंदीने टेकते, त्यामुळे वरची तीक्ष्ण स्वरके थोडी मवाळ होतात. खरबरीत पांढरा लेप असलेले हेडही हेच काम करते. हेड मात्र प्लास्टिकचे असावे. पावसाळ्यात ढोलकी उतरते आणि हलगी शेकावी लागते, तसाच त्रास चामड्याच्या ड्रमलाही होता. 1957 मध्ये अमेरिकेत पॉलिएस्टरची हेड बाजारात आल्यावर तो संपला.

उरते ती खोली. इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात हेडली ग्रेंज ही 1795 मध्ये बांधलेली वास्तू आहे. तेथे ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण करताना अभियंता अँडी जॉन्स याने बॉनमचे ड्रम प्रवेशदालनात जिन्याच्या तळाशी ठेवले आणि दोन मायक्रोफोन जिन्यात बरेच उंच टांगले. गाणे नोव्हेंबर 1971 मध्ये प्रसिद्ध झाले. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे 10 मीटर अधिक फिरून आलेला परावर्तित आवाज सुमारे 29 मिलिसेकंद उशिरा पोचतो. इतक्या कमी अंतराने आलेली परावर्तने कानाला वेगळी न वाटता मूळ ठोक्यालाच मोठे करतात. मग कंप्रेसर या ध्वनिमुद्रणाच्या उपकरणाने मोठे आवाज दाबले की मागचा घुमणारा शेपटा वर येतो. दाबून टाकलेल्या ड्रमला तो शेपटाच नसतो, त्यामुळे ही सारी व्यवस्था त्याच्यासाठी निरुपयोगी ठरते.

ड्रमच्या मागे बसलेल्याला मोकळा ड्रम कर्कश आणि बेशिस्त वाटतो, कारण पडद्याच्या लगतच्या भागांची उलटसुलट कंपने कानाजवळ जोरात ऐकू येतात. दूर जाताना ती एकमेकांना बरीचशी खोडून काढतात, आणि उरलेली गिटारच्या आवाजात बुडून जातात. टॉम वाजताच स्नेअर ड्रमच्या खालच्या हेडला लावलेल्या तारा झिणझिणतात, तेही या आवाजाचे अंगच आहे. म्हणून चिकटपट्टी हातात घेण्यापूर्वी दुसऱ्या कोणाला वाजवायला बसवावे, पाच-सहा मीटर मागे जाऊन उभे राहावे आणि तेथून ऐकावे.