बॉनेटखालची टकटक

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ साली एमजीबी ही दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार बाहेर पडली आणि १९८० पर्यंत तिथेच बनत राहिली. बंद टपाची जीटी धरून पाच लाखांहून जास्त गाड्या झाल्या. तिचं इंजिन आपल्याला परकं नाही. आपल्या ॲम्बॅसडरला वर्षानुवर्षं असलेलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन ही एकाच घराण्यातली, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सीरिज’मधली. त्यामुळे ज्यांच्या कानांत जुन्या ॲम्बॅसडरचा आवाज आहे, त्यांना एमजीबीची टकटक लगेच ओळखीची वाटेल.

अशी टकटक अचानक वाढली, की मालकाच्या पोटात गोळा येतो आणि बोलणं थेट इंजिन खोलण्यावर जातं. ही घाई मला पटत नाही. आत काय बिनसलंय हे बहुतेक वेळा बाहेरून कळतं. नुसता आवाज फारसं सांगत नाही. तो कशाने बदलतो, कशाने थांबतो, ते पाहत गेलं की संशयित एकेक करून गळत जातात.

पहिली गोष्ट म्हणजे लय. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य शाफ्टच्या, दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची, म्हणजे व्हॉल्व्ह (झडपा) उघडणाऱ्या शाफ्टची, एक फेरी होते. गाडी जागेवर मिनिटाला ९०० फेऱ्यांनी चालत असेल, तर क्रँक सेकंदाला १५ वेळा फिरतो आणि कॅम साडेसात वेळा. एकच व्हॉल्व्ह वाजत असेल, तर ठोके सेकंदाला साडेसातच पडणार. इतके ठोके कानाला सुटे ऐकू येतात. सेकंदाला वीसच्या आसपास गेले की ते एकमेकांत मिसळून सलग घरघर होते, म्हणून इंजिन रेस करून आवाज शोधण्यात अर्थ नसतो. टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर चमकणारा दिवा, पहिल्या प्लगच्या वायरला लावला की तोही क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदाच चमकतो. प्रत्येक चमकेबरोबर एक ‘टक’ येत असेल, तर संशय कॅमच्या बाजूला जातो. एका चमकेमागे दोन ठोके आले, तर क्रँककडे.

मग जागा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर, ही मिस्त्री लोकांची जुनी रीत. पोलादातून हवेत शिरताना आवाजाची ९९.९ टक्क्यांहून जास्त ऊर्जा सीमेवरूनच मागे फिरते. आतला ठोका बाहेर दबका येतो तो त्यामुळे. स्क्रू ड्रायव्हर ती सीमाच ओलांडू देत नाही, धातूतून थेट हाडात नेतो. याच्या जोडीला रबरी नळीचा एक तुकडा हवा. नळी फक्त हवेतला आवाज पकडते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाची, गॅस्केट फुटली, तर वायू ठोक्याठोक्याने सुटतो आणि हुबेहूब टॅपेटसारखा (व्हॉल्व्हला धक्का पोहोचवणारा भाग, तो पुढे येईलच) वाजतो. तो स्क्रू ड्रायव्हरला नीट सापडत नाही, नळीला सापडतो. (फिरता पंखा आणि पट्टा यांच्यापासून हात, केस, बाह्या दूर ठेवा.)

पुढच्या पत्र्याच्या झाकणाशी खळखळ असेल, तर ती टायमिंग चेन, क्रँककडून कॅमला फिरवणारी साखळी. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला कधी अडवतात, कधी पुढे ढकलतात. त्यामुळे चेन आळीपाळीने ताणली जाते, सैल पडते आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर झिजला असेल तर फटके मारते.

पण खरं कोडं घालतो तो टॅपेट. या इंजिनात कॅम खाली ब्लॉकमध्ये असतो. त्याचा धक्का टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर अशा साखळीतून वरच्या व्हॉल्व्हपर्यंत जातो. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामध्ये ०.३८ मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवलेली असते. कॅमचा चढ सुरुवातीला अगदी सौम्य घडवलेला असतो, म्हणजे ही फट हळुवार मिटते आणि मगच व्हॉल्व्ह वेगाने उचलला जातो. फट वाढली, तर तो सौम्य भाग वायाच जातो आणि रॉकर भर वेगात दांड्यावर आदळतो.

म्हणून मालक फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घेतो, आठही व्हॉल्व्ह जुळवतो, झाकण लावून इंजिन सुरू करतो. टकटक तशीच! पुन्हा मोजलं तरी पाती नेमकी बसते. मला हा या इंजिनातला सर्वांत देखणा पेच वाटतो. हजारो मैलांच्या माराने रॉकरच्या टोकाला दांड्याच्या आकाराचा खळगा पडलेला असतो. फीलर गेजची पाती त्या खळग्यापेक्षा रुंद. ती त्याच्या दोन्ही काठांवर टेकते आणि खळगा तिच्या हिशोबात येतच नाही. खळगा ०.१ मिलिमीटर खोल असेल, तर पाती ०.३८ म्हणते आणि प्रत्यक्षात फट ०.४८ असते. मापकही खरं, मोजणाराही खरा, तरी उत्तर चुकीचं.

गुन्हेगार पकडायला इंजिन जागेवर चालू ठेवून एकेका रॉकरखाली फीलरची पाती सरकवतात. ज्या व्हॉल्व्हपाशी आवाज एकदम मऊ पडतो, तो सापडला. पुढे रॉकर घासून सपाट करायचा किंवा बदलायचा. हे काम वरचं झाकण काढून होतं, इंजिन उतरवावं लागत नाही.

थंड इंजिनात जोरात वाजून तापल्यावर विरणारा आवाज वेगळा. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुपटीने प्रसरण पावतं. ८० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन १०० अंशांनी तापला, तर ढोबळमानाने ०.१८ मिलिमीटर वाढतो, भोवतालचा सिलिंडर ०.०९. फरकाएवढी फट मिटते आणि पिस्टनचं सिलिंडरवर थापटणं थांबतं. हा आवाज झिजेचा असला, तरी त्याच्यासोबत बरीच वर्षं गाडी चालते.

याच्या नेमका उलटा, तापल्यावर वाढणारा खोल ‘ठक-ठक’ मात्र घाबरवणारा. तेल तापून पातळ झालं की क्रँकवर कनेक्टिंग रॉडला (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याला) पेलणारी तेलाची फिल्म तुटते. रॉडचं क्रँककडचं बेअरिंग, म्हणजे बिग एंड बेअरिंग, गेलेलं असतं. डॅशबोर्डवरचा तेलाच्या दाबाचा काटा धावत्या गाडीत ५० ते ८० पौंडांच्या दरम्यान असायला हवा, तो इथे खाली आलेला दिसतो. खात्रीसाठी इंजिन बंद करून एकेका प्लगची वायर काढायची, ती इंजिनाच्या धातूला सुरक्षित जोडायची (म्हणजे ‘अर्थ’ करायची) आणि पुन्हा सुरू करून ऐकायचं. त्या सिलिंडरात स्फोट झाला नाही, की त्याच्या रॉडवरचा मारही थांबतो आणि ठोका दबतो. असं झालं, तर गाडी पुढे एक मैलही नेऊ नये.

चढावर, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर डब्यात वाटाणे खुळखुळावेत तसा आवाज आला, तर तिथे धातूवर धातू आदळतच नसतो. ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं आणि दाबाची लाट भिंतीभिंतींत हेलकावते. त्या तप्त वायूत आवाजाचा वेग सेकंदाला ९०० मीटरच्या वर असतो. ८० मिलिमीटरच्या सिलिंडरात त्यातून सेकंदाला सहा-सात हजार कंपनं निघतात. इंजिनाचा वेग बदलला तरी या खुळखुळाटाची पट्टी फारशी बदलत नाही, कारण ती सिलिंडरची रुंदी ठरवते. ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर दोन अंश मागे फिरवून किंवा जास्त ऑक्टेनचं, म्हणजे आपोआप सहज न पेटणारं, पेट्रोल भरून तो गेला, तर निदान पक्कं. मिश्रण ८.८:१ प्रमाणात दाबणारं हे इंजिन जुन्या चार-तारा पेट्रोलसाठी, म्हणजे ९७ ऑक्टेनसाठी घडलं होतं. ब्रिटनच्या पंपांवर आज साधं पेट्रोल ९५चं मिळतं.

त्या जुन्या पेट्रोलमधलं शिसं दुसरंही काम करत असे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यात त्याचा पातळ थर राही. २००० पासून ब्रिटनमध्ये शिशाच्या पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली. ज्या इंजिनात मूळची बिडाची बैठक अजून आहे, तिथे सतत वेगाने चालवल्यावर व्हॉल्व्ह बैठकीत हळूहळू खचत जातो. तो खचला की दांडा वर येतो आणि रॉकरची फट कमी होते. टकटक वाढत नाही, बंद होते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, बैठकीला टेकून आपली उष्णता उतरवू शकत नाही आणि कडेने जळतो. आठांपैकी सात टॅपेट हलकेच वाजत असतील आणि एक गप्प असेल, तर पाती आधी तिथे घालून पाहायची.