दुसऱ्या डोसाचे अंतर : पार्श्वभूमी

कोव्हिशील्ड या करोनावरच्या लसीच्या दोन डोसांमधले अंतर १३ मे २०२१ रोजी १२ ते १६ आठवडे झाले. जानेवारीत मोहीम सुरू झाली तेव्हा ते ४ आठवड्यांचे होते, मार्चच्या अखेरीस ६ ते ८ आठवड्यांचे. चार महिन्यांत तिसरा आकडा आला. मराठवाड्यात तेव्हापासून एकच निष्कर्ष रूढ आहे : लस संपली म्हणून तारीख पुढे ढकलली. तो अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा शरीर रोग कसा लक्षात ठेवते यात आहे, आणि त्या दिवसांत तो कोणी नीट सांगितलाच नाही.

एकदा झालेला गोवर पुन्हा होत नाही, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. त्याचा ठोस पुरावा १८४६ साली उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर मिळाला. तिथे ६५ वर्षांनी गोवराची साथ आली. १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेली म्हातारी माणसे तिच्यातून वाचली, मधल्या काळात जन्मलेले मात्र घरेच्या घरे आजारी पडले. पुढे १९२१ मध्ये इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी घटसर्पाच्या टोचणीवर काम करताना प्राण्यांत पाहिले की, पहिल्या टोचणीनंतर प्रतिपिंडे, म्हणजे रोगाला निकामी करणारी रक्तातली प्रथिने, सावकाश आणि थोडी बनतात, तर काही आठवड्यांनी दिलेल्या दुसऱ्या टोचणीनंतर ती झपाट्याने आणि कैक पटींनी जास्त बनतात. डोसांच्या सगळ्या वेळापत्रकांचे मूळ इथे आहे.

मधल्या आठवड्यांत काय होते? लस दंडात टोचली तरी खरे काम काखेतल्या गाठींत चालते. तिथे विषाणूचा तुकडा ओळखणाऱ्या मोजक्या बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी, वाढू लागतात. वाढताना त्यांच्या जनुकांत बारीक बदल होत राहतात. ज्यांची पकड घट्ट बसते त्या टिकतात, बाकीच्या मरतात. पुढच्या पेरणीसाठी ज्वारीची टपोरी कणसे निवडून ठेवावीत, तशी ही निवड फेरीमागून फेरी होत जाते, आणि तिला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. शेवटी ज्या उरतात त्यांतल्या काही स्मृतिपेशी होऊन शरीरात फिरत राहतात. दुसरा डोस मिळाला किंवा खरा विषाणू शिरला, की याच पेशी काही दिवसांत उठतात. नवख्या शरीराला त्याच तयारीला दोन आठवडेही लागू शकतात.

दुसरा डोस घाईने दिला तर पहिल्या डोसाची रक्तात फिरणारी ताजी प्रतिपिंडेच तो मोठ्या प्रमाणात निकामी करू शकतात. कोव्हिशील्डच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. करोनाचा संदेश शरीरात पोचवायला तिच्यात चिंपांझींमध्ये आढळणारा एक निरुपद्रवी केलेला विषाणू वापरला होता, आणि शरीर या वाहकाविरुद्धही प्रतिपिंडे बनवते. ती ओसरायला वेळ दिलेला बरा. दुसऱ्या लसीत, कोव्हॅक्सिनमध्ये, मारलेला अख्खा विषाणू होता, वाहक नव्हता, आणि तिचे अंतर ४ आठवडेच राहिले. त्यामुळे एकाच घरात सासूची तारीख महिन्याने आणि सुनेची तीन महिन्यांनी आली. यामागचे कारण लसीकरण केंद्रावर कोणी सांगितले असते तर निम्मा संशय तिथेच मिटला असता.

पण दोन डोसांतले अंतर एकट्या शरीराच्या सोयीने कधीच ठरत नाही. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी लस देतात. जास्त थांबले तर स्मृती अधिक पक्की होईल, पण तोवर डांग्या खोकल्याने बाळ दगावू शकते. किती पक्के आणि किती लवकर, या दोहोंत तडजोड करावीच लागते. मे २०२१ चा वाद नेमका याच तडजोडीवर होता.

निर्णयाच्या बाजूला आकडे होते. परदेशातल्या चाचण्यांत ६ आठवड्यांच्या आत दुसरा डोस घेतलेल्यांत लसीची परिणामकारकता सुमारे ५५ टक्के दिसली होती, १२ आठवड्यांनंतर घेतलेल्यांत सुमारे ८१ टक्के. मात्र हे आकडे डेल्टा हा करोनाचा नवा प्रकार पसरण्याआधीचे. भारतातला निर्णय झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी ब्रिटनने पन्नाशीपुढच्यांसाठी हेच अंतर १२ वरून ८ आठवड्यांवर आणले. कारण होते डेल्टाची भीती. आठवड्याभरात तिथलेच निष्कर्ष आले : लक्षणे दिसणाऱ्या डेल्टापासून एका डोसाने सुमारे ३३ टक्के संरक्षण, दोन डोसांनी सुमारे ६०. पुढच्या महिन्यात केंद्राच्या लसीकरण सल्लागार गटातल्या तीन सदस्यांनी उघडपणे सांगितले की, त्यांची सहमती ८ ते १२ आठवड्यांना होती, १२ ते १६ ला पुरेसा आधार नव्हता. सरकारने मतभेद नाकारले. दुसरीकडे त्याच मे महिन्यात राज्यात डोस पुरेनात म्हणून १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण थांबवावे लागले होते. त्यामुळे शास्त्र आणि टंचाई या दोन्ही कारणांनी एकाच वेळी तोच निर्णय सुचवला. अशा वेळी दोन्ही कारणे मोकळेपणाने मांडायला हवी होती. मांडले ते शास्त्राचे एकच, आणि तेही नीट उलगडून नाही.

जूनमध्ये एक सवलत आली. शिक्षण, नोकरी किंवा ऑलिंपिकसाठी परदेशी जाणाऱ्यांना ८४ दिवस, म्हणजे १२ आठवडे, न थांबता २८ दिवसांनंतर दुसरा डोस घेण्याची मुभा मिळाली. सवलत योग्यच होती. पण बीड, जालना, परभणीकडच्या माणसाने ती वाचली की त्याच्या मनात ऊसतोड कामगार येणारच. ही लाखो माणसे दसऱ्यानंतर ऊस तोडायला गाव सोडतात. राज्यात १८ वर्षांपुढच्या सगळ्यांना लस खुली झाली जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर, आणि अनेकांपर्यंत पहिला डोस पोचायला त्यानंतरही वेळ गेला. ऑगस्टमध्ये पहिला डोस घेतलेल्याचा दुसरा नोव्हेंबरात पडतो. २०२१ चा गाळप हंगाम १५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्याच दिवशी, सुरू झाला.

कागदावर दुसरा डोस देशात कुठेही घेता येत होता. पण फडावर पहाटेपासून तोडणी, रात्री-अपरात्री गाडी भरायची, आणि खाडा झाला तर मुकादम पैसे कापणार. एका मोबाइलवर चार जणांची नोंदणी चाले, म्हणून आठवणीचा संदेश ज्या फोनवर यायचा तो बऱ्याचदा गावी राहिलेल्या कोणाकडे तरी असे. समुद्र ओलांडणाऱ्याची अडचण नियमात बसली, जिल्हा ओलांडणाऱ्याची बसली नाही. शरीराच्या दृष्टीने दोघांच्या काखेतल्या गाठी सारख्याच.

नोव्हेंबरात तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात आदेश निघाला : किमान एक डोस घेतल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय पेट्रोल नाही, गॅस नाही, रेशन नाही, अजिंठा-वेरूळलाही प्रवेश नाही. जिल्हा लसीकरणात राज्याच्या सरासरीच्या बराच मागे होता. आदेशानंतर केंद्रांवर गर्दी वाढली. पण रेशन अडवून घडवलेल्या त्या गर्दीला लसीवरचा विश्वास मानणे मला पटत नाही.

त्यानंतर ओमिक्रॉन हा करोनाचा आणखी एक प्रकार आला. २०२२ च्या जानेवारीत तिसऱ्या डोससाठी ९ महिन्यांचे अंतर ठरले, जुलैत ते ६ महिन्यांवर आले. ओमिक्रॉनने प्रतिपिंडांना बऱ्याच प्रमाणात चकवले, तरी विषाणू शिरलेल्या पेशींना गाठून मारणाऱ्या टी पेशींची स्मृती बरीचशी टिकून राहिली. लस घेतलेल्यांत गंभीर आजार कमी दिसला, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

कोव्हिशील्डच्या पहिल्या आणि दुसऱ्या डोसातले किमान अंतर १२ वरून ८ आठवड्यांवर आणावे, अशी शिफारस सल्लागार गटाने केली ती मार्च २०२२ मध्ये. त्या वर्षी ऊस अमाप होता, पट्टा लवकर पडला नाही, म्हणजे हंगाम लवकर संपला नाही, आणि गाळप जूनपर्यंत लांबले. शिफारस आली तेव्हा बहुतेक ऊसतोड टोळ्या फडावरच होत्या.