प्रोजेक्ट मॅनेजरला पीएच.डी. करायचीय? सोलापूरकरांसाठी अर्जाची माहिती

पुण्याच्या कंपनीत दहा-बारा वर्षं प्रोजेक्ट सांभाळून झाले की काही सोलापूरकरांना संशोधनाचे वेध लागतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘माझा अनुभव धरतील का?’ पात्रतेत नाही धरत. तिथे पदवी आणि मार्कच बघतात.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला 55 टक्के लागतात. चार वर्षांच्या पदवीला, म्हणजे बी.ई.सारख्या, 75 टक्के असतील तर एम.ई.शिवायही अर्ज चालतो. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना 5 टक्के सवलत आहे. नोकरीत असताना केलेलं एमबीए मात्र विज्ञानशाखेत सहसा कामी येत नाही.

केगावच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला सगळे ‘पेट’ म्हणतात. नियमानुसार अशा परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. पुढे लेखीला 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के वजन. 2024 पासून नेटचे, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे, गुणही पीएच.डी. प्रवेशासाठी धरता येतात. विज्ञानासाठी सीएसआयआर-नेट द्यायची. त्यातल्या जेआरएफला (संशोधन शिष्यवृत्तीला) वयाची अट आहे, पीएच.डी. पात्रतेला नाही; चाळिशीतल्यांनी उगाच बिचकू नये.

अनुभव उपयोगी पडतो तो मुलाखतीत, आणि तिथेच मॅनेजर मंडळी घसरतात. ‘ड्रोनच्या फोटोंवरून डाळिंबावरचा तेल्या रोग ओळखणारं अ‍ॅप करीन, 18 महिन्यांत’ हा झाला प्रोजेक्ट. ‘पानावर डाग दिसण्याआधी तेल्या ओळखता येतो का, आणि कशाच्या मोजमापावरून?’ हा संशोधनाचा प्रश्न. समितीला दुसरा हवा असतो. विषय शेतीचा असेल तर केगावलाच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. आराखडा लिहिण्याआधी तिथल्या शास्त्रज्ञांशी बोलून या.

कागदपत्रांत दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्रं, आधार आणि फोटो घरातच सापडतात. वेळ खातात ती बाकीची. गुण सीजीपीएत असतील तर त्यांचे टक्के करून दिल्याचं पत्र तुमच्या जुन्या विद्यापीठाकडून आणावं लागतं. स्वतः केलेला हिशेब चालत नाही. पदवी बाहेरच्या विद्यापीठाची असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल. जातीचा दाखला असला तरी नॉन-क्रीमी लेयरची मुदत तपासा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा.

नोकरी सांभाळून अर्धवेळ करणार असाल तर सगळं गाडं एनओसीवर (कंपनीच्या ना-हरकत पत्रावर) अडतं. एचआरचं ‘आमची हरकत नाही’ हे एका ओळीचं पत्र पुरत नाही. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: अर्धवेळ पीएच.डी.ची परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएच.डी.तल्या वर्गातल्या अभ्यासक्रमासाठी) कार्यमुक्त करू. तिसरं वाक्य लिहून द्यायला साहेब का-कू करतात. मसुदा तुम्हीच टाइप करून न्या, आणि पेटची जाहिरात निघायच्या आधीच सही घ्या.

मुदत कोर्सवर्क धरून किमान 3 वर्षं, कमाल 6. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी.ला यूजीसीची मान्यता नाही, त्यामुळे ‘घरबसल्या डॉक्टरेट’च्या जाहिराती आल्या तर पैसे भरू नका. पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसच्या फेऱ्या मात्र धरून चाला.