मूत्रपिंड थकते तेव्हा हृदयाला लागणारी धग

निफाडहून आठवड्यातून तीन वेळा पहाटेच्या एसटीने डायलिसिससाठी नाशिकला येणारे एक द्राक्ष बागायतदार माझ्या परिचयाचे आहेत. रक्ताचा रिपोर्ट हाती आला की ते आधी कोलेस्टेरॉलचा आकडा शोधतात आणि तो कमी दिसला की निर्धास्त होऊन कागद खिशात घालतात. डायलिसिसच्या रुग्णाला हा दिलासा लागू पडत नाही. या रुग्णांमध्ये कोलेस्टेरॉल कमी असलेल्यांचेच मृत्यू अधिक आढळले आहेत, आणि या कोड्याचे बरेचसे उत्तर शरीरात सतत धुमसणारा दाह व त्याच्या जोडीने येणारे कुपोषण यांत आहे, कारण या दोहोंमुळे कोलेस्टेरॉल खाली येते.

एरवी जखम किंवा जंतुसंसर्ग झाला की रोगप्रतिकारक पेशी इंटरल्युकिन-६ सारखी संदेशद्रव्ये सोडतात, त्यांच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी नावाचे प्रथिन तयार करते, आणि काम झाले की हे सारे शमते. मूत्रपिंडे निकामी झाली की ते पुरते शमत नाही. संदेशद्रव्यांचा निचरा मंदावतो. शिवाय आतड्यातील जिवाणूंच्या कामातून उपजणारी इंडॉक्सिल सल्फेटसारखी द्रव्ये रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहत असल्याने डायलिसिसच्या गाळणीतून ती फारशी बाहेर पडत नाहीत. या धगीने रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते, आणि वाढलेल्या फॉस्फरसमुळे त्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून त्या ताठर होतात.

म्हणूनच डायलिसिसच्या रुग्णांवर झालेल्या ‘फोर-डी’ (२००५) आणि ‘ऑरोरा’ (२००९) या चाचण्यांत स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीने वाईट कोलेस्टेरॉल ४० टक्क्यांहून अधिक उतरूनही हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही, याचे फार आश्चर्य वाटू नये. (डायलिसिसच्या आधीच्या टप्प्यात स्टॅटिन उपयोगी पडते, चालू असलेली गोळी स्वतःहून बंद करू नये.) थेट दाहावरच घाव घालणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाने २०१७ मध्ये, झटका येऊन गेलेल्या रुग्णांमध्ये, पुढील झटके, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी कमी केले, मात्र प्राणघातक संसर्ग वाढले, आणि तो सौदा डायलिसिसच्या रुग्णाला परवडणारा नाही.

तोवर धगीला इंधन कुठून मिळते ते शोधणे हाती उरते, आणि ते बहुधा साध्याच जागी सापडते. डायलिसिससाठी मानेतील शिरेत बसवलेली नळी, म्हणजे कॅथेटर, हा जंतूंसाठी उघडा दरवाजाच असतो. ते असताना रामकुंडात डुबकी मारून ड्रेसिंग भिजवणे म्हणजे त्यांना आवतण देणे होय. हातावरचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी व शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेली जागा, ज्यावर बोट ठेवले की रक्ताची थरथर जाणवते, त्या मानाने पुष्कळच सुरक्षित. सुजलेल्या हिरड्यांकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही.

बागायतदारांच्या त्या रिपोर्टवर कोलेस्टेरॉलच्या चार ओळी खाली अल्ब्युमिनचा आकडा होता, ३ च्याही खाली. दाह चालू असताना यकृत सीआरपी वाढवते आणि अल्ब्युमिन कमी बनवते. तो आकडा पाहून डॉक्टरांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो दातांविषयी.