कॉन्टिनेंटल आर्मी

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात (१७७५–८३) ब्रिटनविरुद्ध लढलेले तेरा वसाहतींचे संयुक्त सैन्य. वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा असलेल्या कॉन्टिनेंटल काँग्रेसने १४ जून १७७५ रोजी ते उभारले आणि दुसऱ्याच दिवशी व्हर्जिनियाचा जमीनदार जॉर्ज वॉशिंग्टन याला सरसेनापती नेमले. समोर जगातले सर्वांत बलाढ्य आरमार, कसलेले पायदळ आणि भाड्याने आणलेले हजारो जर्मन सैनिक होते. काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. सैनिक बहुधा वर्षभराच्या करारावर येत, मुदत संपली की शेतीवाडीकडे परतत.

सुरुवात आशादायक होती. हेन्री नॉक्सने टायकोंडरोगा किल्ल्यावरच्या तोफा ऐन हिवाळ्यात बर्फावरून ओढत बॉस्टनजवळ आणल्या. त्या टेकड्यांवर चढताच ब्रिटिशांनी १७ मार्च १७७६ रोजी शहर सोडले. न्यूयॉर्कला मात्र हे सैन्य जवळजवळ संपलेच होते. लाँग आयलंडच्या लढाईत (२७ ऑगस्ट १७७६) ब्रिटिशांनी बगलेतून येऊन त्याची दाणादाण उडवली. दोन दिवसांनी सैन्यातल्याच मार्बलहेड या बंदरगावच्या कोळ्यांनी रातोरात सुमारे ९,००० सैनिक होड्यांतून नदीपार नेले. पहाटेच्या धुक्याने त्यांना झाकले. शहरे गेली तरी चालतील, सैन्य टिकले पाहिजे, हे वॉशिंग्टन याच मोहिमेत शिकला. पुढच्या साऱ्या युद्धाची किल्ली येथेच आहे. ब्रिटिशांनी न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, चार्ल्सटन अशी एकेक शहरे घेतली, पण जे घेतले की युद्ध संपेल असे एकही ठिकाण त्या पसरट देशात नव्हते. छावणीबाहेर पडलेल्या तुकड्यांची रसद गावोगावचे नागरी सैनिक तोडत, आणि कुमक यायची तर अटलांटिक ओलांडून, आठवडेच्या आठवडे.

करारांची मुदत वर्षअखेर संपणार असताना वॉशिंग्टनने २५ डिसेंबर १७७६ च्या रात्री बर्फाचे तुकडे वाहणारी डेलावेअर नदी ओलांडली आणि सकाळी ट्रेंटन येथे सुमारे ९०० जर्मन सैनिक कैद केले. लढाई लहान होती, पण तिच्यामुळे सैन्य विरघळायचे थांबले.

या सैन्याच्या इतिहासात संगिनींहून आजार, थंडी आणि थकलेला पगार यांनी जास्त जागा व्यापली आहे. १७७७ च्या आरंभी वॉशिंग्टनने सैनिकांना देवी टोचण्याचा हुकूम दिला. जेन्नरची लस अजून जन्मायची होती. रुग्णाच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या त्वचेत घालून सौम्य आजार आणला जाई. शत्रूच्या तोंडावर तुकड्याच्या तुकड्या मुद्दाम आजारी पाडणे हा मोठा धोका होता. तो पत्करल्यामुळे साथीचा कणा मोडला, आणि वॉशिंग्टनच्या निर्णयांत याला रणांगणावरील कुठल्याही विजयाच्या बरोबरीने स्थान दिले पाहिजे. व्हॅली फोर्जच्या हिवाळी छावणीत (१७७७–७८) तरीही सुमारे २,००० माणसे, मुख्यतः इतर रोगांनी, दगावली. तेथेच प्रशियाच्या फॉन श्टॉयबेन या लष्करी अधिकाऱ्याने उरलेल्यांना शिस्तीची कवायत शिकवली.

उत्तरेत सॅराटोगा येथे १७ ऑक्टोबर १७७७ रोजी ब्रिटिश जनरल बर्गॉइन सबंध सैन्यासह शरण आला. तोवर गुपचूप बंदुका आणि दारूगोळा पुरवणाऱ्या फ्रान्सने फेब्रुवारी १७७८ मध्ये उघड तह केला. युद्ध आता जगभर पसरले. भारतात याच काळात पहिले इंग्रज-मराठे युद्ध चालू होते. १७७७ मध्ये पुण्यात आलेल्या सेंट ल्युबिन या फ्रेंचाला नाना फडणविसांनी दिलेल्या आश्रयाने कंपनी सरकार धास्तावले होते.

दक्षिणेत अमेरिकन सेनापती नॅथनेल ग्रीनने स्वतः एकही मोठी लढाई जिंकली नाही, तरी मोहीम जिंकली. गिलफर्ड कोर्टहाउस येथे (१५ मार्च १७८१) मैदान ब्रिटिश सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या हाती राहिले, पण त्याची चतुर्थांशाहून अधिक माणसे कामी आली किंवा जखमी झाली. तो व्हर्जिनियात यॉर्कटाउनला जाऊन बसला. ५ सप्टेंबरला अ‍ॅडमिरल द ग्रासच्या फ्रेंच आरमाराने चेसापीक उपसागराच्या तोंडावर ब्रिटिश जहाजांना परतवले, आणि कॉर्नवॉलिसची समुद्राची वाट बंद झाली. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी त्याच्या ७,००० हून अधिक सैनिकांनी शस्त्रे ठेवली. वेढ्यात फ्रेंच पायदळ अमेरिकनांच्या जवळपास बरोबरीने होते. आरमार तर सर्वस्वी फ्रेंचांचे. फ्रान्सविना हा विजय शक्य नव्हता, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन भारतात आला आणि मराठे व निजाम यांना सोबत घेऊन टिपू सुलतानाशी लढला.

सैन्यात हजारो कृष्णवर्णीयही लढले. ऱ्होड आयलंडच्या एका पलटणीत भरती झालेल्या गुलामांना मुक्ती मिळाली. त्याहून कितीतरी अधिक गुलाम मात्र स्वातंत्र्याच्या आशेने ब्रिटिशांकडे पळाले. १७७९ मध्ये याच सैन्याने इरोक्वाय या मूळ रहिवासी लोकांची गावे आणि उभी पिके जाळली.

पॅरिसचा तह ३ सप्टेंबर १७८३ रोजी झाला, आणि डिसेंबरात वॉशिंग्टनने सरसेनापतिपद काँग्रेसला परत केले. सैनिकांना थकलेल्या पगारापोटी कागदी हमीपत्रे मिळाली. घरी पोहोचण्यापुरते पैसे हवेत म्हणून अनेकांनी ती पडत्या भावाने विकली. गरजू सैनिकांना निवृत्तिवेतन देणारा कायदा १८१८ मध्ये झाला, तेव्हा त्यांतले बरेच जण हयात नव्हते.